रामदासपेठेत बसून आमची माती मोजता काय?



मागच्या महिन्यात आम्ही सात जण रामदासपेठेत जाऊन आलो. देवलापारकडून सकाळची एस.टी. धरली, गणेशपेठच्या स्टँडवर उतरलो आणि तिथून पायी निघालो, कारण ऑटोवाला सात जणांचे जे पैसे सांगत होता तेवढ्यात आमचं परतीचं तिकीट निघत होतं. रामदासपेठ तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिली आहे. सरकारी दवाखान्यात भागलं नाही आणि घरातला बैल विकायची पाळी आली की आपला माणूस तिथेच पोचतो. गल्लीगल्लीत दवाखाने आहेत, खाली औषधांची दुकानं, वर रक्त तपासायच्या लॅबोरेटऱ्या. आम्ही मात्र या खेपेला पेशंट घेऊन गेलो नव्हतो. आम्हाला एका सल्लागार कंपनीच्या कचेरीत बोलावलं होतं. आमच्या जमिनीचा रिपोर्ट तयार झाला आहे, तो पाहून सही करा, असा निरोप होता.

तिसरा मजला, काचेचं दार, आत थंडगार हवा. चहा दिला, खोटं कशाला बोलायचं. मग चाळीस पानांचा इंग्रजी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून साहेब म्हणाले, "तुमची जमीन मर्यादेच्या आत आहे. काळजीचं कारण नाही. इथे सही करा, म्हणजे फाइल पुढे जाईल." आमच्यासोबत जी म्हातारी बाई होती, जिची बांधी सगळ्यात आधी बुडाली, तिने विचारलं, "कोणाची मर्यादा, बाप्पा? वावर माह्यं, वास माह्या नाकात, अन् मर्यादा तुमची?" साहेब हसले. आम्हाला हसू आलं नाही.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माघ महिन्यात हायवेच्या वळणावर डिझेलचा टँकर उलटला. ड्रायव्हर वाचला, हे बरं झालं. डिझेल पुलियातून खाली आलं, तीन घरांच्या धानाच्या बांध्यांत भरलं आणि धुरा फोडून मोहाच्या झाडांखालून नाल्याला लागलं. धान कापून झालेलं होतं, काळ्या मातीला हाता-हाताच्या भेगा पडल्या होत्या. त्या भेगांनी डिझेल असं पिऊन घेतलं की संध्याकाळपर्यंत वर फक्त ओल दिसत होती. आमची काही पोरं डबकी घेऊन धावली, हेही लपवायचं नाही. पोलिसांनी त्यांनाच चोर म्हणून दमदाटी केली. रस्ता मात्र चार तासांत मोकळा झाला. सडकेवर वाळू आणि माती टाकली, ती डिझेल प्यायलेली माती जेसीबीने ढकलून आमच्याच बांधीत लोटली. सडक साफ झाली. साफ म्हणजे काय, तर घाण हायवेवरून उचलून आदिवासीच्या वावरात ठेवली.

उन्हाळ्यात नाल्यातल्या ढोडीच्या पाण्याला वास यायला लागला. पावसाळ्यात पाण्यावर सात रंगांची साय तरंगली. रोवणं केलं, तर रोप पिवळं पडून बसलं. अर्ज केले, पोच घेतल्या. दिवाळीनंतर दोन पोरं गाडीतून आली, सडकेच्या कडेने दहा ठिकाणची चार बोटं माती खरवडली, एकाच घमेल्यात कालवली, प्लास्टिकच्या पन्नीत भरली आणि गेली. आम्ही आत, मोहाखाली आणि ढोडीजवळ चला म्हटलं, तर म्हणाले, पॉइंट ऑफिसातून ठरले आहेत. त्या पन्नीतून हा चाळीस पानांचा रिपोर्ट निघाला.

आता आमचा सवाल ऐका. खाली त्याच रामदासपेठेच्या रस्त्यावर शंभर डॉक्टर बसले आहेत. त्यातला एक तरी डॉक्टर असा दाखवा की जो पेशंटला कुठे दुखतं हे न विचारता तपासतो. दहा माणसांचं रक्त एका बाटलीत कालवून "गावाला हिवताप नाही" असा रिपोर्ट देणारी एक तरी लॅबोरेटरी दाखवा. अशी लॅबोरेटरी निघाली तर लोक तिच्या काचा फोडतील. मग मातीच्या बाबतीत हेच केलं की ते शास्त्र कसं होतं? नऊ ठिकाणची बरी माती आणि एका ठिकाणची डिझेलची माती कालवली की डिझेलचा आकडा दहा हिश्श्यांनी खाली येतो. हे समजायला बारावी लागत नाही. दूध विकणारा माणूसही पाणी घातल्यावर काय होतं ते जाणतो.

आम्ही परत आल्यावर या गोष्टीची माहिती गोळा केली. जाणकारांना विचारलं, पुस्तकं वाचली. जे कळलं ते सगळ्यांना कळलं पाहिजे, कारण आज आमच्याकडे टँकर उलटला, उद्या तुमच्याकडे उलटेल.

डिझेल मातीवर पडलं की ते एका जागी राहत नाही. थोडं उडून जातं. पेट्रोल तर फारच लवकर उडतं, डिझेल कमी. काही भाग मातीतले जिवाणू खातात. त्यांना हवा, ओल आणि खत मिळालं तर वरच्या थरातलं तेल काही महिन्यांत बरंच कमी होतं. म्हणून साहेब म्हणतात की "आपोआप उडून जाईल", ते सगळंच खोटं नाही. अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच माणूस जास्त फसतो. कारण बाकीचं तेल भेगांतून, मुरुमातून खाली उतरतं. खाली हवा नाही, जिवाणूंचं काम मंद होतं, तेल तिथे वर्षानुवर्षं बसतं. उतरत उतरत पाण्याला लागलं की बुडत नाही, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं. ते भूजलावर तरंगतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तेलही खाली जातं आणि वाटेतल्या मुरुमाला माखतं. पावसाळ्यात पाणी वर आलं की परत वर येतं. म्हणजे चार बोटं माती खरवडून तेल सापडलं नाही, याचा अर्थ तेल नाही असा होत नाही. तेल खाली गेलं, एवढाच होतो. आणि ते खाली जाणं हीच तर ढोडीचं पाणी पिणाऱ्याची भीती आहे.

दुसरी गोष्ट पन्नीची. ज्या वाफेचा वास आम्हाला येतो ती वाफच मोजायची असते. पातळ प्लास्टिकच्या पन्नीत भरून दिवसभर उन्हात गाडीत ठेवली तर नागपूर येईस्तोवर वाफ उडून जाते. असा नमुना काचेच्या बरणीत, तोंडापर्यंत दाबून, वर हवा न ठेवता भरायचा, घट्ट झाकायचा, बर्फात ठेवायचा आणि दोन आठवड्यांच्या आत तपासायचा असतो. आमच्या पोरांनी पाहिलं, बर्फ नव्हता. पाण्याच्या बाटल्या थंड ठेवायला होता, मातीसाठी नव्हता.

तिसरी गोष्ट आकड्याची. रिपोर्टात एकच आकडा आहे, एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बनचा. हायड्रोकार्बन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या साखळ्या. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, डांबर सगळं त्याचंच. पण सगळ्या साखळ्या सारख्या नाहीत. बेंझीन नावाचा पदार्थ रक्ताचा कॅन्सर करतो, तो पेट्रोलमध्ये जास्त आणि डिझेलमध्ये कमी असतो. डिझेलमध्ये नॅप्थलीन असतं, ज्याच्या आपण पेटीत डांबरगोळ्या ठेवतो. जड साखळ्या मातीला अशा धरतात की पाणी मुरतच नाही, मूळ गुदमरतं. एकूण आकडा म्हणजे "जंगलात इतकी जनावरं आहेत" असं सांगणं. ससे किती आणि बिबटे किती, ते कोण सांगेल? आणि पाणी? ढोडीचं पाणी तर तपासलंच नाही.

आता ती "मर्यादा". आम्ही विचारत गेलो तेव्हा कळलं की ती आपल्या देशाची नाहीच. पाण्यासाठी १९७४ साली कायदा झाला, हवेसाठी १९८१ साली. १९८६ साली पर्यावरणाचा मोठा कायदा झाला. पण शेताच्या मातीत किती डिझेल चालेल, हे सांगणारी मर्यादा सरकारने पुष्कळ वर्षं ठरवलेली नव्हती. म्हणून सल्लागार लोक परदेशी याद्या वापरत आले. आमच्या रिपोर्टात नेदरलँड देशाची यादी आहे. त्या देशाच्या २००० सालच्या यादीत खनिज तेलासाठी दोन आकडे आहेत: एक किलो कोरड्या मातीत ५० मिलीग्राम, हे चांगल्या मातीचं लक्ष्य, आणि ५,००० मिलीग्राम, म्हणजे जिथे माती इतकी बिघडली की हात घालणं भाग पडतं. दोन्हींत शंभर पटींचं अंतर. आमच्या रिपोर्टात फक्त दुसरा आकडा घेतला आहे. कालवून पातळ केलेली आमची माती त्या ५,००० च्या खाली आली, म्हणून आम्ही "मर्यादेत". पोरगा मेला नाही म्हणजे तो आजारी नाही, असं हे गणित आहे.

परदेशी यादी वापरायला आमची ना नाही. पण मग सगळी वापरा. जमिनीचं मोजमाप करताना जगभर पहिला प्रश्न हा विचारतात की इथे कोण राहतं, काय खातं, कुठलं पाणी पितं, घाण कुठल्या वाटेने माणसापर्यंत पोचेल. आमच्या रिपोर्टात त्या रकान्यात लिहिलं आहे: "वन, पडीत. वापर नाही." वापर नाही! त्या बांधीत धान होतं. धुऱ्यावर तूर होती. त्या मोहाखाली चैतात पहाटे बायका-लेकरं फुलं वेचतात, मातीवर पडलेली फुलं, तीच वाळवून वर्षभर घरात राहतात. टोरीचं तेल निघतं. ढोरं नाल्यावर पाणी पितात. ढोडीचं पाणी माणूस पितो. हे सगळं रामदासपेठेच्या तिसऱ्या मजल्यावरून दिसलं नाही, आणि दिसलं नाही म्हणून ते नाही.

हे चुकून झालं असं आम्ही मानत नाही. "पडीत" हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. वनखात्याच्या कागदावर आपण "अतिक्रमण", आपलं वावर "पडीत", आपलं गाव "नकाशात नाही". तीन घरांपैकी दोघांचे वनहक्काचे दावे उपविभागीय समितीकडे पडून आहेत. साहेबांनी त्यांना विचारलं, सातबारा आहे का? नाही. मग तुमचं नुकसान कसलं? अरे, डिझेलने सातबारा पाहून वावर निवडलं होतं काय? २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कब्जा असलेल्या माणसाला हटवता येत नाही. त्याच कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला अधिकार देतं की पाणलोट, पाण्याचे झरे, जंगल यांचं रक्षण करा. कुणी म्हणेल हा कायदा वाघाचा आणि लाकडाचा, डिझेलचा नाही. वाचून पाहा. पाण्याचे स्रोत, असं स्पष्ट लिहिलं आहे. मग त्या स्रोतात तेल आलं तर ते मोजायला ग्रामसभा हजर का नको?

आणि पैशाचंही ऐकून ठेवा, कारण सहीमागे तेच आहे. धोकादायक माल हाताळताना अपघात झाला तर दोष सिद्ध न करता मदत देणारा एक कायदा १९९१ सालचा आहे, सार्वजनिक दायित्व विम्याचा. टँकरने माल नेणं त्यात येतं. अर्ज कलेक्टरकडे करायचा, अपघातापासून पाच वर्षांच्या आत. त्या मूळ कायद्यात खाजगी मालमत्तेच्या नुकसानीला किती धरले होते? जास्तीत जास्त ६,००० रुपये. एका जोडीच्या बैलाचा एक पायही त्यात येत नाही. तरी हा अर्ज करा, कारण त्याच कायद्याचं कलम ८ सांगतं की ही मदत घेतली म्हणून जास्तीची भरपाई मागायचा हक्क जात नाही. आणि २०१० च्या हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यात तर पैशाशिवाय जमीन-पाणी पूर्ववत करून द्या असंही मागता येतं. मुदत तीच, पाच वर्षं. पण "माझी जमीन मर्यादेत आहे" या कागदावर एकदा सही केली की न्यायाधिकरणात काय दाखवणार?

आपल्यातलेच काही भाऊ म्हणतात, देतील ते घ्या आणि मोकळे व्हा. त्यांच्यावर राग नाही. घरात धान नसलं की थोडे पैसेही मोठे. पण त्यांनी ठाणे-नाशिकच्या आपल्या भावांना विचारावं. मुंबईहून मनमाडला जाणारी तेलाची पाइपलाइन त्या पट्ट्यातून गेली आहे. १९६२ चा पेट्रोलियम पाइपलाइनचा कायदा असा की जमीन नावाला तुमचीच राहते, कंपनी फक्त "वापराचा हक्क" घेते. पण त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर किंवा तलाव खोदायचा नाही, झाड लावायचं नाही. पिकाची नुकसानी वेगळी, पण या कायमच्या हक्काच्या बदल्यात किती? जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. विहीर नाही, झाड नाही, घर नाही, तरी ९० टक्के जमीन तुमचीच, असं कायदा समजतो. आणि ज्याचा दावाच मंजूर नाही त्याच्या जमिनीच्या बाजारभावाचे १० टक्के कोण काढणार?

आता एक दूरची गोष्ट सांगतो, पण ती आपलीच वाटेल. आफ्रिकेत नायजेरिया देशात ओगोनी नावाचे आदिवासी आहेत. त्यांच्या जमिनीतून १९५८ पासून शेल कंपनीने तेल काढलं. नळ फुटत गेले, शेतं काळी झाली. लोक उठले, १९९३ साली कंपनीला तिथून निघावं लागलं. त्यांचा पुढारी, लेखक केन सारो-विवा, त्याला आणि आठ साथींना लष्करी सरकारने १० नोव्हेंबर १९९५ रोजी फाशी दिली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने तिथल्या जमिनीचं मोजमाप केलं, रिपोर्ट ऑगस्ट २०११ मध्ये आला. ते मोजमाप कसं केलं पाहा. २०० पेक्षा जास्त जागा पाहिल्या, पाइपलाइनचे १२२ किलोमीटर पट्टे चालून तपासले, ५,००० पेक्षा जास्त लोकांचे दवाखान्यातले कागद वाचले, आणि गावोगावच्या बैठकांत २३,००० पेक्षा जास्त लोकांशी बोलले. काही जागी पाच मीटर खोल गेल्यावरही तेल सापडलं. एका गावात लोक पीत होते त्या विहिरींच्या पाण्यात बेंझीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पट निघालं. भूजलावर आठ सेंटिमीटर तेलाचा थर. "साफ झाली" म्हणून कंपनीच्या कागदावर नोंद असलेल्या जागाही तपासल्या, त्यातल्या बऱ्याच साफ नव्हत्या. सगळं पुरतं सुधारायला २५ ते ३० वर्षं लागू शकतील, असं त्यांनी लिहिलं.

त्या मोजमापाचा खर्चही तेलवाल्यांकडूनच घेतला. म्हणजे पैसा कंपनीचा असला तरी मोजमाप नीट होऊ शकतं, जर मोजणारा लोकांत जाऊन बसला तर. इतक्या मोठ्या घाणीशी आमच्या एका टँकरची बरोबरी आम्ही करत नाही. कुणी तशी केली तर ते आमच्या केसचं नुकसान करतील. एक टँकर म्हणजे एक टँकर. पण मोजायची रीत एका टँकरलाही तीच असते.

आणि नागपूरला मोजणाऱ्यांची वाण नाही. नेहरू मार्गावर नीरीचं मोठं आवार आहे. पर्यावरणाचं संशोधन करणारी देशाची सरकारी संस्था, १९५८ पासून तिथेच आहे, रामदासपेठेपासून फार दूर नाही. तिथल्या विद्वानांना मातीतलं तेल मोजता येतं, जिवाणूंनी ते कमीही करता येतं. सरकारने आमची माती तिथे किंवा तशाच जबाबदार ठिकाणी, आमच्यासमोर तपासावी, ही मागणी आम्ही कलेक्टर साहेबांना लेखी दिली आहे. ज्याने तेल सांडलं त्याच्या विम्याने नेमलेला माणूस निकाल देणार, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून आम्ही सही केली नाही. रिपोर्टाची झेरॉक्स मागितली, तर सही केल्याशिवाय देत नाही म्हणाले. आमच्यातल्या दोघांनी तिथेच बसून दीड पान पेन्सिलीने उतरवून घेतलं. चहाचे कप गोळा करणारा पोरगा खिडकीचा पडदा सरकवून उजेड करून देत होता. तो कुठल्या गावचा, आम्ही विचारलं नाही. पण त्याला कळत होतं.

ग्रामसभेत ठरलं ते असं. मृगाच्या आधी एकदा आणि रोवणं झाल्यावर एकदा, अशी दोनदा माती आणि पाणी तपासायचं. जागा आम्ही दाखवणार: बांधीचा सखल कोपरा, जेसीबीने लोटलेला ढीग, मोहाची खालची बाजू, ढोडी, हातपंप, आणि नाल्याच्या वरच्या अंगाची, जिथे डिझेल पोचलंच नाही अशी एक जागा, म्हणजे तुलना होईल. प्रत्येक जागा वेगळी, कालवाकालव नाही. खड्डा मुरूम लागेपर्यंत आणि शक्य तिथे पाणी लागेपर्यंत. प्रत्येक खड्ड्यातून दोन बरण्या भरायच्या, दोन्हींवर लाख, पंचांच्या सह्या आणि अंगठे. वनखातं लाकडावर हॅमर मारतं ना, तसा हा आमचा हॅमर. एक बरणी तपासणाऱ्याकडे, दुसरी लगेच बर्फात घालून आमच्या माणसाने दुसऱ्या लॅबोरेटरीत न्यायची. पंचनामा मराठीत, त्याची प्रत ग्रामसभेच्या रजिस्टरला. जमिनीच्या वापराचा रकाना बाया भरतील, कारण मोहाखाली त्या जातात.

ज्या गावांजवळून हायवे किंवा तेलाचा नळ जातो त्यांनी आपल्या ढोडी-विहिरींच्या पाण्याचा नमुना आत्ताच, काही घडायच्या आधी, तपासून कागद ठेवावा. नंतर "आधीपासूनच असं होतं" हे वाक्य ऐकायची पाळी येणार नाही. लोणच्याच्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या आम्हाला वीस लागतील, झाकण घट्ट असलेल्या, सोड्याने धुवून, गरम पाण्याने खंगाळून, तेलाचा वास पार गेलेल्या. बाजाराच्या दिवशी देवलापारला पोचवा. बर्फाचा डबा मिळाला आहे.